बारक्या सरांची जिम सोडताना

सायकल सरळ अंगावर येत होती आणि तिने, नेहमीप्रमाणे, डोळे घट्ट मिटून घेतले.

पावसाची भुरभुर नुकतीच थांबली होती. हातात केकचा खोका, काखेत छत्री आणि पाय जमिनीला खिळलेले. आधी घंटी ऐकू आली, मग 'अहो... अहो... अहो!' असा चढत जाणारा पुरुषी आवाज, मग ब्रेकचं किंचाळणं, आणि शेवटी डबक्यात काहीतरी भलंमोठं आपटल्याचा धपाका.

तिने एक डोळा उघडला. समोरच्या डबक्यात एक धिप्पाड तरुण बसला होता. सायकलचं पुढचं चाक अजून फिरत होतं.

"बाजूला तरी व्हायचं!" तो म्हणाला.

"मला दिसलं नाही."

"एवढी मोठी सायकल, वर एवढा मोठा माणूस... आणि दिसलं नाही?"

"डोळे मिटले होते मी."

"का?"

"तुम्ही येत होतात म्हणून."

तो डबक्यात बसल्या बसल्याच हसायला लागला. हसताना त्याच्या डाव्या भुवईवरचा जुना व्रण वर चढला. तिला राग यायला हवा होता, पण ओठांचे कोपरे तिचं ऐकेनात.

"केक वाचला ना?" उठत त्याने विचारलं. कोपर चांगलंच सोलवटलं होतं.

"वाचला."

"मग ठीक. डोळे मिटायची सवय घालवता येते बरं का. मी बॉक्सिंग शिकवतो. माझ्याकडे येणारा प्रत्येक नवा माणूस आधी डोळेच मिटतो. लोकांना वाटतं, मारामारी मुठींनी होते..."

मागून एका टेम्पोने कर्कश हॉर्न दिला. त्याने सायकल उचलली, वाकडं झालेलं हँडल गुडघ्यात धरून सरळ केलं आणि उशीर झाल्याचं काहीतरी पुटपुटत निघून गेला. पत्ता विचारायचा राहून गेला. जिमचा पत्ता, हो! तिने स्वतःला लगेच बजावलं. त्याचा नव्हे.

घरी तिला लाजाळू म्हणत. ती लाजाळू होती म्हणून नव्हे. तोंडाने ती चांगली फटकळ होती. पण लाजाळूच्या रोपाला बोट लावलं की पानं मिटतात, तशी अंगावर काही आलं की ही मिटायची. लहानपणी दादा मोज्यांचे गोळे करून तिच्यावर फेकायचा आणि तिने डोळे मिटले की घरभर हसू फुटायचं. तीही हसायची. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं.

गेल्या आठवड्यापर्यंत नव्हतं. ती एका बेकरीत केक सजवायची. पाकळ्या, वेली, नावं... क्रीमची पिशवी हातात आली की तिच्या बोटांत जादू यायची. त्या दिवशी वरच्या फळीवरून उकळत्या पाकाचं भांडं घसरलं. तिने ते घसरताना पाहिलं, आणि पाहिलं म्हणूनच डोळे मिटले. बेकरीच्या मालकीणकाकींनी तिला ढकलून बाजूला केलं, आणि पाक त्यांच्या मनगटावर सांडला. काकी एका शब्दाने बोलल्या नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी पट्टी बांधलेल्या हाताने तिलाच चहा करून दिला. तो चहा कपातच गार झाला.

सायकलवाल्याच्या बोलण्याने तिच्या डोक्यात ठिणगी पडली, ती ही अशी.

"बॉक्सिंग?" रात्री ताट वाढता वाढता आई थबकली. "दिवसा केक सजवणार आणि संध्याकाळी लोकांची थोबाडं?"

"आई, मला फक्त डोळे उघडे ठेवायला शिकायचंय."

"त्यासाठी मार खायला जायचं? चष्म्याचं दुकान आहे ना कोपऱ्यावर!"

दादाने हसता हसता पाणी सांडलं. पण ती हसली नाही हे आईच्या लक्षात आलं. "मनात आणलंच आहेस तर नीट जागा बघून जा," आई शेवटी म्हणाली. "भाजी घेतानासुद्धा चार गाडे फिरतेस तू."

ती फिरली.

पहिली जिम काचेच्या मोठ्या इमारतीत होती. दारातच अत्तराचा वास, आत जांभळे दिवे आणि छाती हादरवणारं संगीत. काउंटरवरच्या मुलाने तिचं नाव विचारायच्या आधी वर्षभराची योजना समजावून सांगितली. शिकवणारा देखणा होता; त्याचं अर्धं लक्ष आरशात होतं आणि उरलेलं मोबाईलच्या कॅमेऱ्यात. "बॅगवर मनातला राग काढा!" तो टांगलेल्या बॅगकडे बोट दाखवत ओरडला. तिने काढला. मनगट असं मुरगळलं की पुढचे काही दिवस केकवरचे गुलाब कोबीसारखे दिसत होते.

"मूठ कशी धरायची ते सांगितलंच नाहीत," ती म्हणाली.

"ते येईल हळूहळू. फोटो काढू का तुमचा?"

दुसरी जिम एका तळघरात होती. तिथल्या गुरूंना सगळे पैलवान म्हणत. भिंतीला ओल, घामाचा वास, पण माणसं मन लावून सराव करत होती आणि क्षणभर तिला ते आवडलंही. मग तिच्यासारखाच पहिल्या दिवशी आलेला एक कारकून तिच्या डोळ्यांदेखत रिंगमध्ये चढवला गेला. समोर मुरलेला गडी. कारकुनाने डोळे मिटले. तिला ते लांबूनही कळलं... आणि पुढच्याच क्षणी तो आडवा होता.

"पाण्यात ढकलल्याशिवाय पोहता येत नाही!" पैलवान गरजले. "कोण आहे पुढे?"

"मी नाही," तिने स्पष्ट सांगितलं. "बुडवणारा आणि शिकवणारा यातला फरक मला कळतो." आणि ताठ मानेने जिना चढून वर आली.

तिसरी जिम एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. खाली यंत्रांची खडखड, जिन्यात शाईचा वास. वर लांबलचक हॉल, एका टोकाला सराव करणारी चार-सहा माणसं, धुतलेली जमीन, ग्लोव्हच्या आत हाताला गुंडाळायच्या, वाळत घातलेल्या पट्ट्यांची रांग. आणि पोछा हातात घेऊन पाठमोरा उभा असलेला एक धिप्पाड माणूस. कोपराला पट्टी.

तो वळला. भुवईवरचा व्रण वर चढला.

"केकवाल्या!"

"डबकेवाले!"

हॉलमधल्या सगळ्यांनी सराव थांबवला. तिचे कान तापले.

त्याला तिथे सगळे 'बारक्या सर' म्हणत. चार भावांत धाकटा, म्हणून घरात बारक्या. पुढे तो चौघांत उंच झाला, पण नाव काही वाढलं नाही. त्याने आधी तिला बाकावर बसवलं. डोकं दुखतं का, चक्कर येते का, पूर्वी कुठे फ्रॅक्चर... सगळं विचारलं. मुरगळलेलं मनगट हातात घेऊन हलकेच फिरवून पाहिलं.

"हे बरं होईपर्यंत ठोसा नाही. पाय शिकू."

"फी आत्ता भरू?"

"नको. आधी दोन-तीनदा येऊन नुसतं बघा. मी कसा शिकवतो, कसा ओरडतो, बाकीचे कसे वागतात. नाही पटलं तर आणखी एक जागा सुचवेन. माझ्या मास्तरीणबाईंची. पण तिथे जायला धीर लागतो."

"आणि तुमच्याकडे यायला?"

"माझ्याकडे..." तो अडखळला. "माझ्याकडे यायला जिना चढावा लागतो फक्त."

ती बघायला आली आणि राहिली.

त्याची शिकवण्याची तऱ्हा निराळी होती. तो आधी फोमचा मऊ गोळा तिच्याकडे अगदी हळू आणायचा, कपाळापाशी थांबवायचा. ती डोळे मिटायची. तो गोळा परत न्यायचा. पुन्हा. चिडणं नाही, हसणं नाही. "मिटले तर मिटले. उघडून शोधा, गोळा कुठे गेला." आठवडे गेले. एके संध्याकाळी गोळा कपाळाला टेकला आणि तिला गोळ्यामागे त्याचा चेहरा दिसला. श्वास रोखलेला. तिच्यापेक्षा तोच जास्त आतुर होता.

"दिसला?"

"दिसला."

"काय दिसलं?"

"...गोळा," ती म्हणाली आणि पाणी प्यायला पळाली.

त्यानंतर सगळं कसं भराभर घडत गेलं. पट्ट्या बांधताना त्याची बोटं तिच्या बोटांमधून फिरायची, आणि दोघंही उगाच छापखान्याच्या आवाजाबद्दल बोलायचे. पावसात जिन्याशी अडकले की तो छत्री असूनही 'थांबू जरा' म्हणायचा. ती बेकरीतले वाकडे झालेले केक आणायची. हळूहळू केक मुद्दाम वाकडे व्हायला लागले. पण तो सगळ्या विद्यार्थ्यांना 'तुम्ही' म्हणायचा, तिलाही. ते 'तुम्ही' म्हणजे दोघांमधलं कुंपण होतं, आणि तो रोज त्याची डागडुजी करायचा.

मग जोडीच्या सरावाचा दिवस आला. तिच्यासमोर होती दातांची डॉक्टर, जिममधली तिची मैत्रीण. हसतमुख, दणकट खांद्यांची. घंटा वाजली. डॉक्टरने पहिला ठोसा मारला, तो तिच्या गालाला निसटता लागला, आणि...

"थांबा!" बारक्या सर दोरीखालून आत आले होते. "ठीक आहात?"

"मला काहीच झालं नाही."

पुन्हा घंटा. पुन्हा एक ठोसा. "थांबा!" पुढच्या वेळीही तेच. त्याच्या पुढच्या वेळीही. इतरांची जोडी लागली की राउंड पूर्ण व्हायची. तिची मात्र पहिल्या स्पर्शाला संपायची. ती जिंकत नव्हती, हरत नव्हती, काही शिकतही नव्हती.

"मी कापसाने मारते गं तुला," कपडे बदलताना डॉक्टर म्हणाली. "सरांनीच सांगितलंय. मी दाढ काढताना याहून जास्त जोर लावते."

"का पण? मी एवढी कच्ची आहे?"

डॉक्टरने तिच्याकडे असं पाहिलं, जसं किडलेला दात समोर दिसत असताना रोगी 'कुठे दुखतंय कळत नाही' म्हणतो तेव्हा पाहतात. "डोळे उघडायला शिकलीस म्हणतेस, आणि हे दिसत नाही? सगळ्या जिमला दिसतंय!"

ती हॉलमध्ये परत आली. तो एकटाच बॅगा पुसत होता.

"सर, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा."

"तुम्ही मला शिकवताय की सांभाळताय?"

फडकं हातातच राहिलं. खालची यंत्रं थांबली होती.

"मी प्रयत्न करतो," तो म्हणाला. "रोज घरून ठरवून येतो, आज नाही थांबवणार. पण तुम्हाला ठोसा लागला की माझे पाय माझं ऐकत नाहीत. शिक्षकाने असं वागू नये. मला ठाऊक आहे. म्हणूनच मी कधी काही..."

तिच्या छातीत एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या. एक फूल उमललं आणि एक भांडं आपटलं.

"काकींच्या हातावर अजून डाग आहे," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द नाही. "मला कुणी ढकलून बाजूला करायला नकोय. पुन्हा कधीच नकोय. मला स्वतःला बाजूला व्हायचंय. ते मला इथे शिकता येणार नाही."

"मग... जाणार तुम्ही?"

"हो."

त्याने मान डोलावली. थांबवलं नाही. त्या दिवशी डबक्यात पडूनही हसणाऱ्या त्या माणसाचा चेहरा आता पार पडला होता. ती दारापर्यंत गेली, आणि मागे वळली.

"जिम सोडतेय मी. आता मी तुमची विद्यार्थिनी नाही, आणि तुम्ही माझे सर नाही. कळतंय का?"

"नाही."

"मग विचार कर," ती म्हणाली, "बारक्या."

'कर'! जिना उतरताना तिचं तिलाच हसू आलं. रस्त्यावर येईपर्यंत रडूही आलं.

मास्तरीणबाईंची जिम शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका जुन्या शाळेच्या व्यायामशाळेत होती. बाई लहानखुऱ्या, केस पांढरेशुभ्र, गळ्यात शिट्टी. पण या खेपेला लाजाळू नवखी नव्हती. तिने आधी बाकावर बसून पाहिलं. नव्यांना कोण शिकवतं, डोक्याला लागलं तर काय करतात, हरलेल्याशी कसं बोलतात. कुणी रडलं तर बाई थांबत नव्हत्या, पण कुणाला चक्कर आली तर क्षणात थांबत होत्या. तिला हवं होतं ते हेच.

"उभी राहा," बाई म्हणाल्या. ती राहिली. बाईंनी तिच्या पायांकडे पाहिलं. "हे उभं राहणं माझ्या ओळखीचं आहे. बारक्याने शिकवलं?"

"हो."

"त्याने पाठवलं?"

"नाही. मीच सोडून आले."

"भांडून?"

"नाही..." ती घुटमळली. मग म्हटलं, खोटं बोलून काय मिळणार! "प्रेमात पडून."

बाईंच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही. "गाढव आहे तो. हुशार गाढव. तुला फार जपत होता का?"

"फार."

"इथे कुणी जपणार नाही. मोजून मार मिळेल आणि तो का मिळाला तेही सांगितलं जाईल. चालेल?"

"त्यासाठीच आलेय."

आणि मार मिळाला. दंडांवर निळे डाग आले. आईने हळद लावता लावता बाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. काही संध्याकाळी परत येताना बसच्या खिडकीला डोकं टेकून तिला छापखान्याची खडखड आठवायची. तो भेटला नाही. फोनवर मात्र रोज एक ओळ यायची. पहिली आली ती अशी: 'विचार करतोय.' मग: 'अजून करतोय.' आणि एकदा: 'तू जेवलीस का?' त्या 'तू'कडे ती इतका वेळ बघत बसली की केकवर वाढदिवसाच्या मुलाचं नाव दोनदा लिहिलं गेलं.

मैत्रीपूर्ण सामन्यांच्या दिवशी ती पहिल्यांदा लोकांसमोर रिंगमध्ये चढली. समोर एक परिचारिका, चपळ, लांब हातांची. घंटेच्या आधी तिने सहज नजर फिरवली. मागच्या दाराशी, दोन्ही हात खिशात खुपसून, तो उभा होता.

पहिल्याच राउंडमध्ये ठोसा सरळ नाकावर बसला. डोळ्यांत पाणी, ओठावर रक्ताची खारट चव. कुणीही 'थांबा' म्हणालं नाही. बाईंनी फक्त नीट निरखून पाहिलं आणि खेळ चालू ठेवला. दुसरा ठोसा निघाला. तिला तो खांद्यापासून निघताना दिसला. ग्लोव्हची शिवण दिसली, परिचारिकेच्या कपाळावरचा घाम दिसला. पाय आपोआप सरकले. ठोसा कानाजवळून रिकामा गेला, आणि तिचा उजवा हात अगदी मोकळ्या जागेत जाऊन पोचला.

सामना ती हरली. थोडक्यात, पण हरली. परिचारिकेने तिला कडकडून मिठी मारली, बाईंनी नाकात कापूस कोंबला आणि म्हणाल्या, "वाईट नाही." बाईंच्या तोंडून हे ऐकायला लोकांची वर्षं जातात म्हणे.

ती बाहेर आली तेव्हा भुरभुर सुरू झाली होती. तो व्यायामशाळेच्या खिडकीखाली उभा होता. कपाळाला चिकटलेले केस, ओला सदरा. जवळ आला.

"डावा हात," त्याने घसा खाकरला, "मारून झाल्यावर खाली राहतोय तुझा."

"ते मास्तरीणबाई सांगतील. तू दुसरं काहीतरी सांग."

"दुसरं म्हणजे?"

"जे बाई सांगू शकत नाहीत ते."

त्याने खिशातून हात बाहेर काढला आणि तळवा उघडला. त्यात एक किल्ली होती. मधोमध वाकलेली.

"तुझ्या नाकावर ठोसा बसला ना, तेव्हा मुठीत आवळून झालं हे. पण पाय हलू दिला नाही मी. शप्पथ." तो खिन्नपणे किल्लीकडे बघत म्हणाला, "आता घरात शिरता येणार नाही मला."

ती हसली. हसल्यावर नाक दुखलं, म्हणून आणखी हसली. "मग आमच्याकडे चल जेवायला. आईला तसंही तुला बघायचंय. माझ्या फोनकडे बघून मी का हसते, हे तिला कळायला हवंय."

"आणि हे नाक बघून ती मला काय म्हणेल?"

"नाक माझं आहे, मी बघून घेईन. विषय बदलू नकोस. अजून सांगितलं नाहीस तू."

"सांगितलं की... किल्ली..."

"किल्लीचं सांगितलंस. माझं सांग."

दिवसभर अख्ख्या हॉलभर ओरडणारा माणूस, पण आता ओठ हलले आणि पावसात काहीच ऐकू आलं नाही.

"मोठ्याने."

"मला तू..." त्याने श्वास घेतला, पाय रोवले, जसे तिला रोवायला शिकवले होते. "मला तू आवडतेस! पहिल्या दिवसापासून! शिकवत होतो तेव्हाही, आणि सोडून गेलीस तेव्हा तर फारच!"

वरची खिडकी धाडकन उघडली.

"ऐकू आलं!" मास्तरीणबाई म्हणाल्या. "तिचं उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आता भिजत उभं राहू नका. आणि तू गं, उद्या वेळेवर ये. डावा हात खाली राहतोय."

खिडकी बंद झाली. त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. "काय उत्तर? त्यांना माहीत, मला नाही?"

ती उत्तर न देता त्याच्या ओल्या बाहीला धरून बसथांब्याकडे निघाली. नाकात कापूस, दंडावर निळे डाग, आणि पावलं एखाद्या जिंकून आलेल्या माणसाची.

"बस यायला वेळ आहे," ती म्हणाली. "सांगते सावकाश. अगदी पहिल्यापासून सांगते."